चौदा वर्षांखालच्या मुलाला शूटिंगला पाठवताय? फॉर्म सी, कागदपत्रं आणि सेटवरचे नियम

ऑडिशन होतं, लूक टेस्ट होते, निवड झाल्याचा फोन येतो आणि परवा सकाळी साडेसातला हजर राहा म्हणून सांगतात. घरात आनंद असतो, शाळेत रजेची चिठ्ठी द्यायची असते, कपडे भरायचे असतात. या धावपळीत मुलाच्या सुरक्षेचा सगळ्यात महत्त्वाचा कागद पालकांच्या हातात येतच नाही. तो म्हणजे निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यायचं हमीपत्र, फॉर्म सी. मालिका आणि चित्रपटांच्या प्रॉडक्शनमध्ये काम करताना मला एवढंच कळकळीने सांगावंसं वाटतं की हा कागद मागून घ्या, वाचा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. सेटवर तुमच्या मुलाला जे जे मिळायला हवं, ते त्यात निर्मात्याने लिहून दिलेलं असतं.

कायदा काय म्हणतो, ते आधी थोडक्यात. बाल व किशोरवयीन कामगार कायदा 1986 चा. त्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली. कलाकार म्हणून केलेल्या कामाला त्यातून सूट आहे, पण शाळेच्या शिक्षणावर परिणाम होता कामा नये, या अटीवर. चित्रपट, मालिका, जाहिराती, रिअॅलिटी शो, निवेदन हे सगळं या सवलतीत बसतं. सर्कस बसत नाही, पैशासाठी रस्त्यावर केलेले खेळही बसत नाहीत. आणि सेटवर ही सूट फक्त कलाकारालाच आहे. सेटवर चहा द्यायला किंवा सामान उचलायला बारा वर्षांचा मुलगा ठेवला, तर तो सरळ गुन्हा ठरतो. सहा महिने ते दोन वर्षं कैद, 20 हजार ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

परवानगीची पद्धत 2017 मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत, नियम 2-सी मध्ये आहे.

अर्ज कोणी, कुठे करायचा

अर्ज निर्मात्याने करायचा, पालकांनी नाही. तोही शूटिंग सुरू होण्याआधी, आणि शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात. इथे हमखास चूक होते. कंपनीचं ऑफिस अंधेरीत असतं, म्हणून सगळे कागद मुंबई उपनगर जिल्ह्यात दिले जातात आणि सेट असतो घोडबंदर रोडला. तो ठाणे जिल्हा. गोरेगावच्या चित्रनगरीत काम असेल तर मुंबई उपनगर बरोबर, कोल्हापूरच्या चित्रनगरीत असेल तर कोल्हापूर. आठवडाभर आउटडोअरला वाईला जायचं ठरलं, तर साताऱ्याची परवानगी लागणार. लोकेशनच्या परवानगीचा याच्याशी संबंध नाही. किल्ला, रस्ता किंवा घाट वापरायला मिळाला म्हणजे मुलाला उभं करायला परवानगी मिळाली, असं होत नाही.

हमीपत्र सहा महिन्यांपुरतंच चालतं. वर्षभर चालणाऱ्या मालिकेला ते पुन्हा द्यावं लागतं, आणि नेमकं हेच दुसऱ्या वेळी राहून जातं. पहिल्या हमीपत्राची तारीख पालकांनीही कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

कागदपत्रं

नियमाने सांगितलेल्या गोष्टी चार आहेत: फॉर्म सी मधलं हमीपत्र, सहभागी मुलांची यादी, आईवडिलांची किंवा पालकांची संमती, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव. याशिवाय मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शूटिंगच्या तारखा नि ठिकाणं, आणि मुलाचे प्रसंग काय आहेत याचा गोषवारा एका फाईलमध्ये तयार ठेवावा. वय आणि शाळा यांचा पुरावा कधीही मागितला जाऊ शकतो. संमतीपत्र मात्र कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. त्यात कामाचं नाव, दिवस, ठिकाण आणि भूमिकेत काय करायचं आहे हे लिहिलेलं असू द्या. मुलाला पाण्यात उतरायचं आहे, घोड्यावर बसायचं आहे की आगीजवळ उभं राहायचं आहे, हे सही करण्याआधी कळलंच पाहिजे. नियमाप्रमाणे मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणून घरी त्यालाही नीट विचारा.

जबाबदार व्यक्तीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या डोळ्यांसमोर एक दुपार आहे. एप्रिल महिना, नदीचा दगडी घाट, आठ वर्षांची मुलगी परकर-पोलक्यात, अनवाणी. प्रसंग पळत पायऱ्या उतरण्याचा. चार रिटेक झाले. पोरगी गुणी, एक शब्द चुकली नाही, तक्रारही केली नाही. आई मॉनिटरच्या मागे बसलेली. पाचव्या वेळी सेटवरची वरकामं करणाऱ्या एका स्पॉटदादांच्या लक्षात आलं की ती पाय आलटून पालटून उचलतेय. त्यांनी ओलं गोणपाट आणून तिच्या पायाखाली टाकलं. तळवे लाल झाले होते, एका टाचेला फोड आला होता. फॉर्ममध्ये जबाबदार म्हणून ज्यांचं नाव होतं, ते त्या दिवशी जनरेटरच्या कामासाठी दुसऱ्या गावी गेले होते. आधी दगडाला हात लावून बघणं हे तिथे कोणाचंच काम नव्हतं.

नियमानुसार जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते. शाळेचा वर्ग दाखवायला वीस मुलं आणली, तर चार माणसं हवीत. ती दुसऱ्या कोणत्याही कामात अडकलेली नसावीत, असं माझं ठाम मत आहे. पालकांनी पहिल्याच दिवशी त्या व्यक्तीला भेटावं, फोन नंबर घ्यावा.

वेळ, शाळा, खाणं

दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मोठ्यांची शिफ्ट बारा तासांची असते आणि मूल त्याच कॉलशीटवर, म्हणजे दिवसाच्या वेळापत्रकावर, ओढलं जातं. हे पाच तास कधीपासून मोजायचे, यावर सेटवर वाद होतात. मूल मेकअपच्या खुर्चीत बसलं की घड्याळ सुरू, असं मी धरते. ऐतिहासिक मालिकेतल्या छोट्या मुलाला दागिने, अंगरखा आणि जिरेटोप घालून दीड तास बसवून ठेवणं हेही कामच आहे. एडींनी (सहायक दिग्दर्शकांनी) मुलाचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घ्यायचे शॉट, आधी उरकावेत आणि समोरच्या कलाकाराच्या क्लोजला वाक्यं द्यायला मुलाऐवजी दुसरं कोणी उभं करावं. एवढ्यानेच मुलाचा बराच वेळ वाचतो.

सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. अभ्यास तुटू नये याची सोय, वेळेवर सकस जेवण, स्वच्छ नि सुरक्षित राहण्याची जागा, शरीराच्या नि मनाच्या आरोग्याची व्यवस्था, हे सगळं निर्मात्याच्या हमीत येतं. कपडे बदलायला मुलांसाठी वेगळी खोली मागून घ्या. सहामाही नि वार्षिक परीक्षेच्या तारखा करार करतानाच लेखी द्या.

पैसे

मुलाच्या मानधनातले किमान 20 टक्के थेट मुलाच्या नावावर, राष्ट्रीयीकृत बँकेतल्या मुदत ठेवीत जमा झाले पाहिजेत. ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात. पालकांच्या खात्यात पूर्ण रक्कम घेऊन नंतर ठेव करू, हे नियमात बसत नाही. पहिल्या पेमेंटबरोबरच ठेवीच्या पावतीची प्रत मागा. मुलाचं पॅन कार्ड काढून ठेवा. स्वतःच्या कलेतून मिळवलेलं मुलाचं उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, त्याचा हिशोब वेगळा राहतो.

चित्रपट किंवा मालिका दाखवताना, चित्रीकरणात मुलांचा छळ, हेळसांड किंवा शोषण होऊ नये म्हणून सर्व काळजी घेतल्याची सूचना पडद्यावर द्यावी लागते. तीही याच नियमातली.

चौदा पूर्ण झालेल्या मुलांना फॉर्म सी लागू होत नाही. पण मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा अठराव्या वर्षापर्यंत लागू आहे, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये एकटं पाठवू नका.

काही खटकलं तर आधी जबाबदार व्यक्तीला आणि निर्मात्याला लेखी कळवा, मोबाइलवरचा मेसेजही चालेल. दाद लागली नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जा. मूल संकटात असेल तर 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर थांबू नका. पोक्सोखाली पोलिसांना कळवणं हे माहिती असलेल्या प्रत्येकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, मग तो स्पॉटदादा असो, मेकअपवाली ताई असो की निर्माता.