गच्चीचे पाणी नालीत कसे गेले

नागपुरात पाऊस कमी पडतो, असे इथला माणूस म्हणणार नाही. वर्षाची सरासरी १,१०० मिलिमीटरच्या आसपास आहे. अडचण अशी की यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. बागेला पाणी लागते ते होळीपासून मेअखेरच्या नवतप्यापर्यंत, जेव्हा पारा ४५ अंशांना टेकतो आणि कुंडीतली माती सकाळी भिजवली तरी दुपारी भेगाळते. पाणी येते एका हंगामात आणि लागते दुसऱ्याच. मधले महिने ते ठेवायचे कुठे, या एकाच प्रश्नाला या शहराने वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे दिली.

पहिले उत्तर तलावाचे. १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने नाग नदीकाठी शहर वसवले आणि त्याच्या मुलाच्या, चांद सुलतानच्या काळात जुम्मा तलाव झाला. तोच शुक्रवारी, आजचा गांधीसागर. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे तर तलाव बांधणे ही जगण्याची रीतच होती. उतारावर आडवी पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे आणि त्याखाली धान पिकवायचे. कोहळी समाजाचे हे कसब होते. त्या तलावांना आज सरकारी दप्तरात माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार) आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणतात. नागपुरात भोसल्यांनी हीच परंपरा बागांसाठी चालवली. तेलंगखेडीची बाग फुटाळा तलावाच्या काठी आहे, हा काही योगायोग नाही. आधी पाणी साठवायचे आणि मग झाड लावायचे, असा तो क्रम होता. आपण आता नेमके उलटे करतो. रोपवाटिकेतून दहा रोपे आणतो आणि एप्रिलमध्ये पाण्याची चिंता सुरू करतो.

घराघरात मात्र पावसाचे पाणी फारसे साठवले जात नसे. महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांत विहिरी होत्या, छपरे कवेलूंची, म्हणजे कौलांची होती. कवेलूंवरचे पाणी चारही बाजूंनी पागोळ्यांनी गळायचे, एका जागी यायचेच नाही. वळचणीला हंडे-घंगाळ लावून धुण्याभांड्यापुरते पाणी मिळायचे, तेवढेच. घरामागच्या सांदवाडीतली केळ आणि अळू मोरीच्या पाण्यावर वाढायचे, तुळशीला आणि जास्वंदीला विहिरीचे. एकदा वापरलेले पाणी झाडाला घालायची ही सवय होती, आणि माझ्या मते ती पावसाच्या टाकीपेक्षा जास्त शहाणपणाची होती. पाऊस जमिनीत मुरायचा, विहिरीतून वर यायचा. साठवण जमिनीखाली होती, त्यामुळे ती कुणाच्या डोळ्यांत भरली नाही.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढे १८७० च्या आसपास अंबाझरी तलावाचे काम वाढवून शहराला पाणी देणे सुरू झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोरेवाडा तलाव त्याच्या जोडीला आला, मग कन्हान नदी, आणि १९८० च्या दशकात पेंच नदी. पाण्याचे मूळ असे प्रत्येक वेळी शहरापासून थोडे आणखी दूर सरकत गेले. पेंचचे पाणी आले तेव्हा नळाला पाणी असणे ही इतकी साधी गोष्ट झाली की विहिरीकडे पाहायचे कारणच उरले नाही. कित्येक विहिरी बुजल्या, काहींत कचरा गेला.

याच काळात घराचे रूपही बदलत होते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतला खरा सांधा इथे आहे. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आला. त्याच्या लेआउटांमध्ये भूखंडाच्या कडेने जागा सोडलेली घरे उभी राहिली. पुढे अंगण, मागे चार झाडे, एखादे पेरू-लिंबू. हळूहळू कवेलू गेले आणि सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅबला कठडा असतो, उतार असतो आणि पाणी उतरायला पाइप असतो. म्हणजे जे पाणी पूर्वी चहूकडे विखरायचे, ते पहिल्यांदाच एका तोंडाने खाली येऊ लागले. पाणी गोळा करायला याहून सोयीचे छप्पर नाही. आणि नेमक्या त्याच वेळी ते गोळा करायची गरज संपली होती. म्हणून पाइपाचे तोंड नालीकडे वळवले गेले. कुणी ठरवून केलेले नाही, मिस्त्रीला तो जवळचा रस्ता वाटला, इतकेच.

१९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर बोअरवेल पसरल्या, लेआउटांतही आल्या. बागेला बोअरचे पाणी द्यायची पद्धत पडली. ते बहुधा जड असते. कुंड्यांच्या काठावर पांढरी पुटे धरतात ती त्यातल्या क्षारांची. पावसाचे पाणी त्या मानाने मऊ. मोगरा, गुलाब, कढीपत्ता त्यावर किती तरारतात, हे जुलैत कुणीही पाहावे.

गरज पुन्हा आठवली ती पाणी तुटल्यावर. छिंदवाडा जिल्ह्यात वरच्या अंगाला पेंचवर चौराई धरण झाले. २०१९ मध्ये पाऊस लांबला, पेंचवरचेच खालचे तोतलाडोह धरण तळाला गेले आणि जुलैत शहराला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. कूलर आणि बाग यांतले एक काही सोडायचे झाले की आधी बागच सुटते. नियम तोवर होतेच. मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यभर लागू झालेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही मोठ्या भूखंडांवर पाऊसपाणी संकलन बंधनकारक आहे. छोटी घरे त्यातून सुटतात, आणि बागा तर त्यांच्याकडेच असतात.

हिशेब मात्र छोट्या घराच्या बाजूचा आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला लाखभर लिटर पाणी पडते. गळती आणि पहिल्या पावसाचे धुवण सोडून दिले तरी ८०,००० लिटर उरावे. पण पाइपाखाली दोनशे लिटरचा ड्रम ठेवला तर तो अडीच-तीन मिलिमीटर पावसातच भरतो, आणि तीस-चाळीस कुंड्या तो तीन-चार दिवसांत संपवतात. ड्रम उपयोगी पडतो तो पावसाळ्यातल्या उघडिपीत, ऑगस्टात मघा कोरड्या गेल्या तर. उन्हाळ्यासाठी त्याचा भरवसा धरू नये. पाच हजार लिटरची टाकी सप्टेंबर अखेरच्या हत्तीच्या (हस्त नक्षत्राच्या) पावसात भरून ठेवली, तर उन्हाळ्यातले दोन महिने काटकसरीने निघतात. टाकीला झाकण आणि पाइपाला जाळी हवीच. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, आणि दर आठवड्याला भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा, असे सांगितले जाते ते त्यासाठीच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हा घरोघरी टाक्या असत्या तर पूर टळला असता, असे काही जण म्हणाले. मला ते पटत नाही. सप्टेंबर अखेरीस कुठलीही टाकी भरलेलीच असते. टाकीतून वाहून जाणारे पाणी नालीऐवजी जमिनीत गेले असते तर थोडा फरक पडला असता, पण तिथेही सरसकट उत्तर नाही. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आहे, पूर्वेकडे वेगळे, जुने खडक. वरची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेईनाशी होते. तिच्यातच दोन फुटांचा खड्डा खणून विटांचे तुकडे भरले तर त्याचे डबके होते. मुरवण्याचा खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, आणि पायापासून जरा लांब.