सुदान ब्लॉक: खडकवासल्याच्या घुमटामागची केरेनची लढाई

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक घुमटाची इमारत उभी राहते. तिचे नाव सुदान ब्लॉक. पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसांनाही ती छायाचित्रांतून ओळखीची असते. पण खडकवासल्याच्या जलाशयाकाठी उभ्या असलेल्या लष्करी संस्थेच्या मुख्य इमारतीला आफ्रिकेतल्या देशाचे नाव कसे मिळाले, हे विचारणारे थोडेच भेटतात. त्याचे उत्तर १९४१ सालच्या एका मोहिमेत आहे, आणि त्या मोहिमेतून घरी न परतलेल्या भारतीय सैनिकांत आहे.

जून १९४० मध्ये इटलीने ब्रिटन आणि फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा इरिट्रिया आणि इथिओपिया इटलीच्या ताब्यात होते. शेजारच्या सुदानवर ब्रिटन आणि इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता, प्रत्यक्षात सत्ता ब्रिटिशांची. त्या अफाट मुलखाच्या बचावाला तेव्हा अगदी तुटपुंजे सैन्य होते. जुलैमध्ये इटालियन फौजांनी सरहद्द ओलांडून कसाला आणि गल्लाबात ही ठाणी घेतली. मग भारतातून पाचवी इन्फन्ट्री डिव्हिजन सुदानमध्ये उतरली आणि वर्षाच्या शेवटी इजिप्तच्या आघाडीवरून चौथी डिव्हिजन तिच्या मदतीला आली. जानेवारी १९४१ मध्ये इटालियनांनी कसाला सोडले. त्यांचा पाठलाग करत भारतीय आणि ब्रिटिश पलटणी इरिट्रियात शिरल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला केरेनच्या डोंगरांपाशी येऊन अडल्या.

केरेन हे गाव उंच पठारावर आहे. तिथे चढणारा रस्ता एका अरुंद घळीतून जातो. इटालियनांनी कडा सुरुंगाने उडवून हा रस्ता बुजवला होता आणि दोन्ही बाजूंच्या शिखरांवर तोफा, मशीनगन लावल्या होत्या. खालून चढणाऱ्या सैनिकाला आडोसा नाही, पाणी आणि दारूगोळा पाठीवरून वर न्यायचा, आणि वरून सतत मारा. ही लढाई सात आठवड्यांच्या आसपास चालली. सुभेदार रिछपाल राम हे राजपुताना रायफल्सचे. ७ फेब्रुवारीच्या रात्री त्यांनी मूठभर सैनिकांसह एक टेकडी काबीज केली. शत्रूचे सहा प्रतिहल्ले परतवले. दारूगोळा संपल्यावर वेढा फोडून उरलेल्या माणसांना मागे आणले. पाचच दिवसांनी ते त्याच ठिकाणी पुन्हा हल्ल्याच्या आघाडीवर होते. त्यात त्यांचा उजवा पाय तुटला, तरी सोबत्यांना पुढे जाण्यासाठी हुरूप देतच त्यांनी प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

मार्चच्या मध्यावर दुसरा मोठा हल्ला झाला, त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. घळीवर नजर ठेवणाऱ्या डोलोगोरोडॉकच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या टेकड्यांसाठी ती लढली. पुढे १९४४ मध्ये इटलीत ज्यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगन ठाणे संपवले आणि तिथेच देह ठेवला, ते माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. कोकणातली, देशावरची शेतकऱ्यांची पोरे इरिट्रियाच्या उघड्याबोडक्या खडकांवर चढत होती, हे आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी वाचायला मिळाले नाही. २७ मार्चला केरेन पडले. तोवर हल्ला करणाऱ्या फौजेतले पाचशेहून अधिक सैनिक कामी आले होते आणि जखमींचा आकडा तीन हजारांवर गेला होता.

या मोहिमेचा पुण्याशी आणखी एक धागा आहे. दक्षिणेला गल्लाबातच्या बाजूने माघार घेणाऱ्या इटालियनांनी रस्ताभर सुरुंग पेरले होते. ते काढत पुढे जाण्याचे काम सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांच्याकडे आले. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे आपल्या खडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचे. चार दिवसांत पंचावन्न मैलांवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी करवून घेतली. या दरम्यान त्यांची गाडी दोनदा उडाली, सोबतची माणसे दगावली, त्यांच्या कानाचा पडदा फाटला. तरी काम दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार झाले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. ते वाचले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले.

१९४१ मध्येच सुदानच्या सरकारने भारताचे तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याकडे एक लाख पौंडांची देणगी सुपूर्द केली. सुदान मोकळे करताना भारतीय सैनिकांनी केलेल्या बलिदानाचे स्मारक भारतात उभे राहावे, एवढाच तिचा हेतू होता. स्मारक म्हणजे चौकातला स्तंभ किंवा पुतळा, अशी तेव्हाचीही रूढ समजूत होती. ती बाजूला ठेवून हा पैसा लष्करी शिक्षणाच्या संस्थेकडे वळवला गेला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे. महायुद्ध संपताना सरसेनापती क्लॉड ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिन्ही सेनादलांच्या भावी अधिकाऱ्यांनी एकत्र शिकावे अशा प्रबोधिनीची शिफारस तिने केली. सुरुवातीच्या आराखड्यात या संस्थेचे नावच ‘राष्ट्रीय युद्धस्मारक प्रबोधिनी’ असे होते. म्हणजे कल्पना एका इमारतीपुरती नव्हती. सगळी संस्थाच मृतांच्या नावाने उभी करायची होती.

जागेसाठी अनेक प्रांत उत्सुक होते. मुंबई सरकारने खडकवासल्याच्या तलावालगतची हजारो एकर जमीन देऊ केली. जवळ डोंगर, जलाशय, विमानतळ आणि युद्धकाळातले सराव केंद्र, हे सगळे एकत्र मिळाल्याने निवड पक्की झाली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. तोवर देहरादूनला तात्पुरती भरणारी शाखा १९५४ च्या अखेरीस इथे आली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते प्रबोधिनीचे उद्घाटन झाले.

मधल्या काळात फाळणी झाली होती. टेबल-खुर्च्यांपासून तोफांपर्यंत सगळ्याची वाटणी झाली, तशी या देणगीचीही झाली. सत्तर हजार पौंड भारताच्या वाट्याला आले, उरलेले पाकिस्तानला गेले. ही वाटणी नुसती हिशेबाची म्हणून सोडून देऊ नये. चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठे, राजपूत, शीख, गढवाली होते, तसे पंजाबी मुसलमान आणि पठाणही होते. केरेनच्या उतारांवर पडलेल्यांतल्या कित्येकांची घरे १९४७ नंतर सरहद्दीपलीकडे गेली. स्मारकाच्या पैशावर त्यांच्या गावांचाही हक्क होता.

देणगी देणारे सुदान सरकार परक्या सत्तेचे होते, हेही सांगायला हवे. पण १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला आणि दोन नव्या देशांत आपुलकी वाढली. सुदानच्या पहिल्या निवडणुकीची देखरेख आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी १९५३ मध्येच केली होती. त्यामुळे ३० मे १९५९ रोजी सुदानचे भारतातले राजदूत रहमतुल्ला अब्दुल्ला यांनी सुदान ब्लॉकचे उद्घाटन केले, तेव्हा तो साम्राज्याच्या हिशेबवहीतला व्यवहार उरला नव्हता. काळ्या पाषाणाची आणि ग्रॅनाइटची तीन मजली इमारत, जोधपूरचा तांबडा दगड, कमानी, खांब, व्हरांडे, वर घुमट, आत पांढऱ्या संगमरवराची फरशी. प्रबोधिनीचे मुख्य प्रशासन इथून चालते.

तरीही या नावाबद्दल मला एक खंत वाटते. नाव मिळाले ते देणाऱ्या देशाला. ज्यांच्यासाठी दिले ते सैनिक नावापासून दूर राहिले. शिवाय सर्वांत भीषण लढाई सुदानात झालीच नाही, ती इरिट्रियात झाली. केरेनला तिथे दहन झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे स्मारक आहे, पण पुण्याहून तिथे कोण जाणार? ते इंग्रजांसाठी लढले म्हणून स्वातंत्र्यानंतर त्यांच्याविषयी बोलताना आपण अवघडलो. त्या अवघडलेपणाची किंमत त्यांच्या घरच्यांनी मोजली. सुदान ब्लॉकबद्दल लिहिताना घुमट आणि संगमरवराबरोबर केरेनचे नाव निदान एकदा तरी यायला हवे.

स्वतंत्र भारताच्या सैन्यात शहीद झालेल्यांच्या वाट्याला ही अनामिकता आली नाही. सुदान ब्लॉकच्या दर्शनी दालनात परमवीर चक्र आणि अशोक चक्र मिळवलेल्या माजी छात्रांची चित्रे लावलेली आहेत. त्यांतले पहिले परमवीर कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून ते काँगोत गेले आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविल येथे धारातीर्थी पडले. इमारतीचे उद्घाटन होऊन तेव्हा अडीच वर्षे झाली होती, आणि मृत्यू पुन्हा आफ्रिकेच्याच भूमीवर आला होता. १९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत एकविसाव्या वर्षी गेलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव प्रबोधिनीच्या संचलन मैदानाला आहे. दीक्षान्त संचलन त्याच मैदानावर होते. कारगिल युद्धात ३ जुलै १९९९ च्या पहाटे खालुबारवर शहीद झालेले कॅप्टन मनोजकुमार पांडे यांचे नाव पूर्वीच्या सायन्स ब्लॉकला देण्यात आले. लखनौच्या ज्या सैनिक शाळेतून ते खडकवासल्याला आले, ती १९६० सालची शाळाही आता त्यांच्याच नावाने चालते.