चंद्राने सांगितलेली तारीख

अर्ध्याहून अधिक चौकट काळ्याभोर आकाशाने व्यापलेली. त्यात पौर्णिमेच्या जवळ आलेला छोटासा चंद्र. खाली ढगांचा पट्टा, बर्फाचे डोंगर आणि अगदी पायथ्याशी एक चर्च, मातीची घरं, दफनभूमीतले पांढरे क्रूस. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचं ‘मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मला रात्रीचं वाटलं. मग नजर क्रूसांवर अडली. चंद्र तर त्यांच्या मागे आहे, तरी आपल्याकडची बाजू कशी उजळली? उजेड छायाचित्रकाराच्या पाठीमागून येतो आहे. तो मावळत्या सूर्याचा आहे.

अ‍ॅडम्स मोटारीने परतत होते. दृश्य दिसताच गाडी थांबवून त्यांनी मोठा कॅमेरा उभा केला, पण प्रकाशमापक काही सापडेना. मात्र चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती: दर चौरस फुटाला २५० कॅंडल (कॅंडल हे प्रकाश मोजण्याचं एकक). तेवढ्यावर हिशेब करून, कॅमेऱ्याची झडप एक सेकंद उघडी ठेवून त्यांनी छायाचित्र घेतलं. दुसरं घ्यायच्या आत क्रूसांवरचं ऊन गेलं.

हा हिशेब जमतो, कारण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगडच. कोजागिरीला गच्चीवरून फोनने फोटो काढला की चंद्राच्या जागी नुसता पांढरा ठिपका उमटतो, त्याचंही कारण हेच. फोन अंधाऱ्या गच्चीला पुरेल एवढा प्रकाश आत घेतो आणि उन्हातल्या दगडाला तो फार जास्त होतो.

मग आकाश इतकं काळं कसं? कॅमेऱ्यावर गडद पिवळा फिल्टर होता. तो निळा प्रकाश अडवतो, म्हणून निळं आकाश गडद उमटतं. पण खरा काळोख आला तो डार्करूममध्ये, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर प्रती काढायच्या अंधाऱ्या खोलीत. सुरुवातीच्या प्रतींमध्ये आकाश बरंच उजळ आहे, वरचे विरळ ढगही दिसतात. पुढच्या वर्षांत अ‍ॅडम्स त्याच निगेटिव्हवरून आकाश अधिकाधिक काळं करत गेले. त्या प्रतींमधली स्तब्धता, गावाचं एकटेपण, हे सगळं त्यांनी हाताने घडवलं आहे. मला त्यात फसवणूक वाटत नाही. त्या संध्याकाळी आपल्याला काय जाणवलं, ते सांगायची त्यांची ती रीत होती.

एक गोष्ट मात्र डार्करूमला बदलता आली नाही: डोंगरांच्या संदर्भातली चंद्राची जागा. अ‍ॅडम्सना छायाचित्राचं वर्षही नक्की आठवत नसे. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड एल्मोर यांनी चंद्राच्या स्थानावरून गणित मांडलं. उत्तर आलं ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारचे ४ वाजून ३ मिनिटं. पण कॅमेऱ्याची जागा ठरवताना चूक झाली होती. हौशी खगोल अभ्यासक डेनिस डी चिको यांनी हर्नान्डेझला जाऊन जुन्या रस्त्याचा माग काढला, गणित पुन्हा केलं आणि १९९१ मध्ये नवं उत्तर दिलं: १ नोव्हेंबर १९४१, ४ वाजून ४९ मिनिटं, २० सेकंद.

दोन्ही वेळांमध्ये पाऊण तासाचा फरक आहे. चंद्र रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, त्यामुळे एका दिवसाची चूक घड्याळात अशी दिसते. चारच्या सुमाराला ऊन अजून बरंच वर असतं. पाचला दहा मिनिटं कमी असताना मात्र ते क्रूसांवरून निसटण्याच्या बेतात असणार, अगदी अ‍ॅडम्स सांगत तसं. ते १९८४ मध्ये गेले. ही दुरुस्त तारीख त्यांना कळलीच नाही.