बूम (स्पॅनिश-अमेरिकन कादंबरी)

बूम : १९६० नंतरच्या दशकात स्पॅनिश-अमेरिकन कादंबरीला आपल्या खंडात आणि खंडाबाहेरही एकाएकी मोठा वाचकवर्ग लाभला, त्या घडामोडीला रूढ झालेले नाव. हुलिओ कोर्तासार (१९१४–८४, अर्जेंटिना), गाब्रिएल गार्सिया मार्केस (१९२७–२०१४, कोलंबिया), कार्लोस फ्वेन्तेस (१९२८–२०१२, मेक्सिको) आणि मारिओ वर्गास योसा (१९३६–२०२५, पेरू) हे चार कादंबरीकार तिच्या केंद्रस्थानी मानले जातात. पाचवे नाव बहुधा चिलीच्या होसे दोनोसो यांचे (१९२४–९६) घेतात. काही अभ्यासक त्या जागी क्यूबाच्या गियेर्मो काब्रेरा इन्फान्ते यांना ठेवतात.

या लेखकांचा शोध घेताना मराठी वाचकाची एका ठिकाणी हमखास चुकामूक होते. स्पॅनिश रीतीने माणसाला दोन आडनावे असतात, आधी वडिलांचे व मग आईचे. त्यामुळे 'गार्सिया मार्केस' हे जोडआडनाव असून त्याची नोंद 'ग'खाली लागते, 'म'खाली नव्हे; 'वर्गास योसा' यांची 'व'खाली. नुसते 'मार्केस' किंवा 'योसा' म्हणण्याची आपली सवय इंग्रजी वृत्तपत्रांतून आलेली आहे.

संज्ञा व कालमर्यादा : 'बूम' हा शब्द इंग्रजी व्यापारी भाषेतला, त्याचा मूळ अर्थ बाजारातील तेजी. तो कादंबरीला प्रथम कोणी लावला याबद्दल एकमत नाही, आणि ज्यांना तो चिकटला त्यांपैकी बहुतेकांना तो फारसा रुचला नाही. संप्रदाय म्हणावा तर समान जाहीरनामा नाही, पिढी म्हणावी तर कोर्तासार व वर्गास योसा यांच्या वयांत २२ वर्षांचे अंतर.

आरंभाच्या तारखा निरनिराळ्या दिल्या जातात. दोनोसो यांनी १९७२ मध्ये बार्सेलोनाहून प्रसिद्ध केलेल्या आठवणीवजा पुस्तकात, चिलीतील कोन्सेप्सिओन विद्यापीठात १९६२ साली भरलेल्या लेखक-विचारवंतांच्या संमेलनाला महत्त्व दिले आहे. एका देशात छापलेली कादंबरी शेजारच्या देशात मिळत नव्हती, हे तेथे जमलेल्यांना तीव्रतेने जाणवले असा त्यांचा रोख आहे. दुसरा पक्ष त्याच वर्षीचे बिब्लिओतेका ब्रेवे पारितोषिक ही खूण मानतो. बार्सेलोनाच्या सेइक्स बारल प्रकाशनसंस्थेचे हे पारितोषिक वर्गास योसा यांच्या *ला स्युदाद इ लोस पेर्रोस* ('शहर आणि कुत्रे') या कादंबरीला मिळाले. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीतील अभ्यवेक्षकांशी (सेन्सॉरशी) बरीच बोलणी झाल्यावर, काही शब्द बदलून, ती १९६३ मध्ये छापली गेली. कादंबरी लीमा येथील ज्या लष्करी शाळेवर बेतली आहे, त्या शाळेच्या आवारात तिच्या प्रती जाळल्या गेल्याचे सांगतात. तिसरे मत आरंभ १९६७ पर्यंत पुढे ढकलते. पण तोवर तीन प्रमुख कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या, त्यामुळे ते स्वीकारणे अवघड आहे. १९६२ ते १९७१–७२ ही मर्यादा सामान्यतः ग्राह्य धरता येते.

कारणमीमांसा : याहून मूलभूत वाद तेजी घडवली कोणी, हा आहे. उरुग्वायचे समीक्षक आन्हेल रामा यांनी प्रकाशन व्यवसाय आणि बाजारपेठ यांच्या अंगाने या घटनेची चिकित्सा केली. बूम प्रकाशकांनी नव्हे तर वाचकांनी घडवला, लॅटिन अमेरिकेतील लोकांना स्वतःची ओळख पटू लागल्याचे ते चिन्ह होते, अशी बाजू कोर्तासार यांनी मांडली. दोन्ही बाजूंना आधार आहे. कार्लोस बारल यांच्यासारखा साक्षेपी प्रकाशक आणि कार्मेन बालसेल्स यांच्यासारखी वाङ्मयीन प्रतिनिधी बार्सेलोनात होती. लेखकाचे हक्क कायमचे विकत न देता ठरावीक मुदतीपुरते व ठरावीक प्रदेशापुरते देण्याचा आग्रह बालसेल्स यांनी धरला आणि त्यातून लेखकाला लेखनावर जगणे शक्य झाले. मात्र दोन मोठी पुस्तके बार्सेलोनाची नव्हेत. कोर्तासार यांची *रायुएला* (१९६३) व गार्सिया मार्केस यांची *सिएन आन्योस दे सोलेदाद* ('एकाकीपणाची शंभर वर्षे', १९६७) ही दोन्ही ब्वेनोस आयरेसच्या सुदामेरिकाना संस्थेने, संपादक फ्रान्सिस्को पोरुआ यांच्या पारखी नजरेतून काढली. दुसरीची पहिली आवृत्ती ८,००० प्रतींची होती व ती अल्पावधीत संपली. हे हस्तलिखित बारल यांनी परत पाठवल्याची कथा आजही सांगितली जाते. आपण ते वाचून नाकारले नव्हते, असे बारल यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे मानण्याजोगा पुरावा दिसत नाही. केवळ बार्सेलोनाकडे पाहून बूमची उपपत्ती लावणे त्यामुळे अपुरे ठरते.

तंत्र : *ला मुएर्ते दे आर्तेमिओ क्रूस* (१९६२) या फ्वेन्तेस यांच्या कादंबरीत मृत्युशय्येवरील एकच माणूस 'मी', 'तू' आणि 'तो' अशा तीन पुरुषांत आलटूनपालटून बोलतो, मेक्सिकन क्रांतीचा सैनिक धनदांडगा कसा झाला हे त्या तीन आवाजांतून उलगडते. *रायुएला* हे ठिकरीच्या खेळाचे नाव. तिची प्रकरणे १५५. सरळ वाचणाऱ्याने ५६व्या प्रकरणाशी थांबावे. दुसऱ्या रीतीने वाचणाऱ्याने आरंभी दिलेल्या तक्त्याबरहुकूम ७३व्या प्रकरणापासून सुरुवात करून उड्या घेत जावे. या दुसऱ्या वाटेत ५५वे प्रकरण लागतच नाही, ही बाब पुष्कळांच्या नजरेतून निसटते.

तंत्राची ही श्रीमंती चौघांनी शून्यातून उभी केली नव्हती, हे ठासून सांगणे आवश्यक आहे. मिगेल आन्हेल आस्तुरिआस यांची *एल सेन्योर प्रेसिदेन्ते* १९४६ ची, हुआन कार्लोस ओनेती यांचे सांता मारिया हे कल्पित शहर १९५० चे आणि हुआन रुल्फो यांची *पेद्रो पारामो* १९५५ ची. रुल्फो यांची ही लहानशी कादंबरी कोलंबियाचे कवी आल्वारो मुतिस यांनी मेक्सिकोत गार्सिया मार्केस यांच्या हाती ठेवली. ती आपल्याला जवळजवळ तोंडपाठ झाली होती असे गार्सिया मार्केस पुढे सांगत. मृतांची कुजबुज ऐकू येणारे रुल्फो यांचे कोमाला गाव नसते तर *सिएन आन्योस*मधील माकोंदो हे गाव आज आहे तसे झाले असते, असे वाटत नाही. बाहेरून आलेल्या प्रभावांत अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांचा सर्वांत ठळक.

जादुई वास्तववादाशी संबंध : मराठी लेखनात बूम आणि जादुई वास्तववाद (अद्भुत गोष्टी नेहमीच्या वास्तवासारख्या सांगण्याची रीत) हे समानार्थी वापरलेले आढळतात, ते योग्य नाही. जादुई वास्तववाद ही संज्ञा जर्मन कलासमीक्षक फ्रान्त्स रो यांनी १९२५ मध्ये चित्रकलेसंबंधी योजली व १९२७ मध्ये माद्रिदमधील भाषांतरातून ती स्पॅनिशमध्ये आली. व्हेनेझुएलाचे आर्तुरो उस्लार पिएत्री यांनी १९४८ च्या सुमारास ती कथावाङ्मयाला लावली. क्यूबाचे आलेहो कार्पेंतिएर यांनी १९४९ मधील कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडलेले 'अद्भुत वास्तव' वेगळे आहे: त्यांच्या मते अद्भुतता लेखकाच्या युक्तीत नसून हैतीसारख्या भूमीच्या इतिहासातच आहे. समीक्षक आन्हेल फ्लोरेस यांनी १९५५ मधील निबंधात या प्रवृत्तीचा उगम अर्जेंटिनाचे होर्हे लुइस बोर्हेस यांच्या १९३५ च्या कथासंग्रहापाशी नेला. लुइस लेआल यांनी १९६७ मध्ये तो अमान्य केला. लेआल यांचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो, कारण बोर्हेस यांच्या कथा तर्काच्या कोड्यांवर उभ्या आहेत. कसेही असले तरी वर्गास योसा यांच्या या काळातील कादंबऱ्यांना ही संज्ञा लागू पडत नाही.

राजकारण व शेवट : क्यूबन क्रांतीबद्दलची आस्था हा या लेखकांना बांधणारा धागा होता, तो १९७१ मध्ये तुटला. क्यूबाचे कवी एबेर्तो पादिया यांना मार्च १९७१ मध्ये हवानात अटक झाली. निषेधाचे पहिले पत्र एप्रिलमध्ये पॅरिसच्या *ल मोंद* या दैनिकात आले. पादिया यांच्याकडून जाहीर आत्मनिंदा करवून घेतल्यावर मे महिन्यात दुसरे, कडक पत्र निघाले; त्यावर कोर्तासार यांची सही नव्हती. गार्सिया मार्केस यांचे नाव पहिल्या पत्रावर त्यांच्या संमतीवाचून घातले गेले होते. त्याच वर्षी वर्गास योसा यांचा गार्सिया मार्केस यांच्यावरील प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. समकालीन कादंबरीकाराने दुसऱ्याचा इतक्या बारकाईने व प्रेमाने केलेला अभ्यास दुर्मिळच. १९७६ मध्ये मैत्री तुटल्यावर वर्गास योसा यांनी अनेक वर्षे त्याचे पुनर्मुद्रण होऊ दिले नाही.

वगळलेल्या लेखिका : मेक्सिकोच्या एलेना गार्रो यांची *लोस रेकुएर्दोस देल पोर्वेनीर* १९६३ ची आहे. त्यात एक गावच आपली गोष्ट सांगते आणि काळ थबकतो. *सिएन आन्योस*च्या चार वर्षे आधी. बूमच्या यादीत तिला जागा मिळाली नाही, हा अन्याय उघड आहे.

प्रभाव : ग्रेगरी राबासा यांच्या भाषांतरांनी (*रायुएला* १९६६, *सिएन आन्योस* १९७०) इंग्रजी वाचक मिळवून दिला, मराठी वाचकही मुख्यतः याच वाटेने या कादंबऱ्यांपर्यंत पोचला. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांच्या १९८१ मधील कादंबरीवर गार्सिया मार्केस यांची छाया सर्वमान्य आहे. नोबेल पारितोषिक गार्सिया मार्केस यांना १९८२ मध्ये व वर्गास योसा यांना २०१० मध्ये मिळाले. स्वभाषेत मात्र १९९६ मध्ये प्रतिक्रिया उमटली: चिलीत अल्बेर्तो फुगेत व सेर्हिओ गोमेस यांनी 'मॅकओंदो' हा कथासंग्रह संपादित केला, तर मेक्सिकोत होर्हे व्होल्पी, इग्नासिओ पादिया आदींनी 'क्रॅक' जाहीरनामा काढला. दोघांचा रोख मूळ कादंबरीकारांपेक्षा त्यांच्या सोप्या अनुकरणांवर होता.