यान मनासारखं हवंय? आधी गेम ठरवा, मग जॉयस्टिक घ्या

दुकानात आणि फोनवर सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "फ्लाइट सिम्युलेटरसारखा गेम सांगा, पण त्यात शिप, म्हणजे अवकाशयान, पूर्णपणे आपल्या मनासारखी बदलता आली पाहिजे." प्रश्न रास्त आहे आणि त्याला चांगली उत्तरं आहेत. अडचण पुढे येते. एखादा ट्रेलर बघून गेम घेतला जातो, त्याच उत्साहात आमच्याकडून जॉयस्टिक नेली जाते, आणि थोड्याच दिवसांत तोच खोका काउंटरवर परत येतो: "चालत नाही." आम्ही ती आमच्या कॉम्प्युटरला लावतो आणि ती उत्तम चालते. बहुतेक वेळा स्टिकमध्ये बिघाड नसतोच, निवडलेला गेम स्टिकचं ऐकत नसतो. यात तुमची एक खेप वाया जाते आणि आमचा अर्धा तास. म्हणून हे पत्रक.

एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्या. यानाचा सांगाडा पहिल्या तुकड्यापासून जोडू देणारे गेम बहुधा स्टिक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नसतात. आणि स्टिक हातात घेतल्यावर जे गेम खरे खुलतात, त्यांत यानाचं बाहेरचं रूप ठरलेलं असतं. बदलायचं ते आतलं यंत्र. दोन्ही प्रकारांत भरपूर खोली आहे. तुम्हाला यान बांधायला आवडतं की उडवायला, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागतं.

उडवायला आवडत असेल तर

आमची पहिली शिफारस 'एलीट डेंजरस'. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात आपली आकाशगंगाच खऱ्या मापात उभी केली आहे, सुमारे ४०० अब्ज तारा-प्रणाली. स्टिक, थ्रॉटल (वेगाचा दांडा), पेडल, हेड ट्रॅकिंग (डोकं वळवून नजर फिरवणं) असं सगळं तो थेट ओळखतो. तो पीसीवरच घ्या. कन्सोलसाठीचं नवं काम कंपनीने २०२२ मध्ये थांबवलं.

यात यानाचा साचा बदलत नाही, पण आतला जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो: वीज बनवणारा पॉवर प्लांट, यान ढकलणारी इंजिनं म्हणजे थ्रस्टर, एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे लांब उडी मारणारं फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, पॉवर डिस्ट्रिब्युटर, लाइफ सपोर्ट, सेन्सर, शिवाय शस्त्रं आणि रिकामे कप्पे. प्रत्येक भागाला आकाराचा आकडा असतो आणि ए ते ई अशी प्रत असते. नवीन खेळाडू फसतात ते इथेच. ए प्रत सगळ्यात चांगली म्हणून हातातले सगळे क्रेडिट (गेममधले पैसे) ओतून प्रत्येक भाग ए प्रतीचा बसवतात. यान जड होतं, उडी आखूड होते आणि वीज पुरत नाही. स्टेशनवर सगळं ठीक दिसतं, कारण तेव्हा शस्त्रं आत असतात. लढाईत शस्त्रं बाहेर काढली की विजेची मागणी वाढते आणि ऐन वेळी भाग बंद पडू लागतात. मग आम्हाला फोन येतो की ट्रिगर दाबला की गेम बिघडतो.

उपाय सोपा आहे. वजनाने सगळ्यात हलकी डी प्रत असते. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर डी प्रतीचे ठेवा, फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह आणि थ्रस्टर ए प्रतीचे घ्या. उजव्या पॅनेलमध्ये प्रत्येक भागाला १ ते ५ असा विजेचा अग्रक्रम देता येतो. कार्गो हॅच (मालाचं दार), फ्युएल स्कूप (ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारा भाग) आणि फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह ५ वर, म्हणजे सगळ्यात शेवटच्या अग्रक्रमावर टाका. शस्त्रं बाहेर असताना उडी मारताच येत नाही, म्हणजे तेव्हा ती वीज अडवून ठेवण्यात अर्थ नाही. एवढं केलं की तेच यान निम्म्या खर्चात जास्त चांगलं वागतं. शिवाय यान नष्ट झालं तर ते परत मिळवायला त्याच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम भरावी लागते. तेवढे क्रेडिट खात्यात ठेवल्याशिवाय स्टेशन सोडू नका.

खरेदीआधी जुळवाजुळव करून बघायची असेल तर 'कोरिओलिस' आणि 'ईडीएसवाय' ही दोन मोफत साधनं ब्राउझरमध्ये चालतात. वजन, वीज, उडीचं अंतर हे सगळं ती आधीच दाखवतात. गेममधल्या इंजिनिअरांकडे जाऊन एकेका भागाची १ ते ५ श्रेणीपर्यंत सुधारणाही करता येते. ते काम चिकाटीचं आहे, पण दोन खेळाडूंची एकाच मॉडेलची यानं वेगळी वागतात ती त्यामुळेच.

'एक्स फोर: फाउंडेशन्स' हा जर्मनीच्या एगोसॉफ्टचा २०१८ चा गेम. इंजिन, शील्ड, तोफा निवडून यान बांधून घ्यायचं, आणि पुढे स्वतःचे कारखाने उभारून ताफाच्या ताफा. व्यापाराची आवड असणाऱ्यांना आम्ही तो आवर्जून सुचवतो. जॉयस्टिक चालते.

'स्टार सिटिझन'बद्दल स्पष्ट सांगतो. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुरू झालेला हा प्रकल्प अजून अल्फा, म्हणजे अपुऱ्या चाचणीच्या अवस्थेतच आहे. दिसायला अप्रतिम, स्टिकला उत्तम दाद देतो आणि पॉवर प्लांट, कूलर, शील्ड, लांब प्रवासाचं क्वांटम ड्राइव्ह असे भाग बदलता येतात. पण त्यातली यानं खऱ्या पैशांनीही विकली जातात. सगळ्यात छोटं सुरुवातीचं पॅकेज घ्या आणि बाकीची यानं गेममधल्या कमाईवर मिळवा. मोठ्या यानाला लागणाऱ्या पैशांत आमच्याकडचा थ्रॉटल येतो आणि तो प्रत्येक गेमला उपयोगी पडतो.

बांधायला आवडत असेल तर

'स्पेस इंजिनिअर्स', प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाउसचा. इथे यान म्हणजे एकेक ठोकळा. छोट्या यानाचा ठोकळा अर्ध्या मीटरचा, मोठ्याचा अडीच मीटरचा. नवीन माणूस सगळी इंजिनं मागे लावतो, यान सुसाट निघतं आणि थांबत नाही, कारण पुढच्या बाजूला ब्रेक लावायला काहीच नसतं. सहाही दिशांना थ्रस्टर हवेत. वातावरणातले थ्रस्टर पोकळीत निकामी, आयन थ्रस्टर वातावरणात दुबळे, हायड्रोजन दोन्हीकडे चालतो पण इंधन पितो. असे शोध लावण्यात ज्यांना आनंद आहे त्यांच्यासाठी याहून चांगला गेम आम्हाला माहीत नाही. कीबोर्ड आणि माउस पुरे.

'स्टारफील्ड' २०२३ चा. त्यातलं यान बांधायचं दालन सुंदर आहे: कॉकपिट, राहण्याच्या खोल्या, रिअॅक्टर, लांब उडीचं ग्रॅव्ह ड्राइव्ह, उतरायचे पाय, सगळं हवं तिथे जोडा. बी आणि सी वर्गाचं यान उडवायला आधी पायलटिंगचं कौशल्य वाढवावं लागतं. पण पीसीवर हा गेम जॉयस्टिक थेट ओळखत नाही. परत आलेल्या खोक्यांमागे सगळ्यात जास्त वेळा याच गेमचं नाव निघतं. मध्यस्थ सॉफ्टवेअर वापरून स्टिक ही गेमपॅड आहे असं भासवता येतं, मात्र यानातून उतरून पायी चालायला लागलात की तीच बटणं गोंधळ घालतात. यासाठी चांगला गेमपॅड घ्या. स्टिकपेक्षा स्वस्त पडेल, आणि आम्ही तोच सुचवू.

'नो मॅन्स स्काय'मध्ये पूर्वी मनासारखं यान शोधत हिंडावं लागे. मार्च २०२४ च्या ऑर्बिटल अपडेटनंतर अवकाश स्थानकावर भाग निवडून ते जोडता येतं. उडवणं मुद्दाम सोपं ठेवलं आहे, त्यामुळे घरातल्या लहान मुलांसोबत खेळायला हा छान. इथेही गेमपॅडच.

काही जणांना यान नको असतं, स्वतःचं विमान हवं असतं. त्यांनी 'एक्स-प्लेन' बघावा. त्याच्यासोबत प्लेन मेकर नावाचं साधन येतं. पंखाचा आकार बदला, गेम पंखाच्या छोट्या छोट्या भागांवरचं बल मोजून त्याप्रमाणे विमान उडवतो. रॉकेटसाठी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम', पहिला भाग. दुसऱ्याचं काम अर्धवट राहिलं.

स्टिक परत आणण्याआधी

विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची सेटिंग उघडा आणि स्टिक हलवा. चौकोनातलं फुलीचं चिन्ह हलत असेल, बटणांचे दिवे लागत असतील, तर स्टिक ठणठणीत आहे आणि प्रश्न गेमच्या सेटिंगचा आहे. हात न लावता फुली थरथरत असेल तर गेममध्ये डेडझोन (मधली जागा, जिथली किरकोळ हालचाल गेम मोजत नाही) थोडा वाढवा. फुली अजिबात हलत नसेल तर यूएसबी पोर्ट बदलून बघा. तरीही तेच झालं तर बिनधास्त घेऊन या, वॉरंटीत बदलून देऊ.

स्टीम या ऑनलाइन गेम दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच सहसा पैसे परत मिळतात. गेम उघडा ठेवून बटणं नेमत बसलात तर तो वेळही त्या दोन तासांत मोजला जातो. एलीटसारख्या गेममध्ये नुसती बटणं नेमण्यातच तास जातो. म्हणून कुठलं काम कुठल्या बटणावर ठेवायचं हे आधी कागदावर ठरवा, मग गेम सुरू करा.

'गेमला चालत नाही' या कारणासाठी सील फोडलेली स्टिक आम्ही परत घेत नाही. काही ग्राहकांना हे कडक वाटतं. पण वापरलेली स्टिक नवी म्हणून दुसऱ्याच्या हातात देणं आम्हाला पटत नाही, आणि तुम्हालाही ते आवडणार नाही. म्हणूनच बिल करण्याआधी आम्ही गेमचं नाव विचारतो. त्याला चौकशी समजू नका. गेम अजून ठरला नसेल तर स्टिक त्या दिवशी घेऊ नका. दुकानातल्या डेमो टेबलावर एलीट आणि एक्स फोर दोन्ही लावलेले आहेत, बसून बघा. आमच्याकडून घेतलेल्या स्टिकसाठी या दोन्ही गेमची बटणांची तयार फाइल मोफत देतो, पेन ड्राइव्ह सोबत आणा. बाहेरून घेतलेल्या स्टिकचंही सेटिंग करून देतो, त्याचे वेगळे पैसे पडतात.

येताना तुमच्या टेबलाचा फोटो आणि टेबलाच्या कडेची जाडी मोजून आणा. स्टिक टेबलाला पकडून ठेवणारा क्लॅम्प बसतो की नाही हे त्यावरून इथेच सांगता येतं.