पार्श्वभूमी : रॉय आणि हेलीचं लग्न नेमकं कधी झालं?

'कोरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या रॉय आणि हेली क्रॉपर यांच्या लग्नाचं साल विचारलं की प्रेक्षकांकडून दोन उत्तरं येतात. कुणी १९९९ म्हणतं, कुणी २०१०. घोळ प्रेक्षकांच्या आठवणीचा नाही, तो इंग्लंडच्या कायद्याचा आहे.

९ डिसेंबर १९६० पासून चालू असलेल्या या मालिकेचं गाव वेदरफील्ड काल्पनिक असलं, तरी ते मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डवर बेतलेलं आहे. ज्या आर्ची स्ट्रीटवरून पडद्यावरच्या गल्लीचं रूप घेतलं, ती १९७१मध्ये पाडली गेली. घराला घर चिकटलेलं, कोपऱ्यावर रोव्हर्स रिटर्न पब. त्यामुळे इथलं प्रेम चार भिंतींत कधी राहिलंच नाही. १९८३मध्ये मालिकेतली डिअड्री नवऱ्याला, केनला सोडून प्रियकर माइककडे जाणार का, यावर अख्खा देश बोलत होता. ती केनजवळच राहिली, तेव्हा ओल्ड ट्रॅफर्डच्या फुटबॉल मैदानातल्या फलकावर 'केन १, माइक ०' झळकलं होतं.

हेली आली १९९८मध्ये. रॉय कॅफे चालवणारा, रेल्वेचं वेड असलेला, हातात कायम बाजाराची पिशवी धरून फिरणारा एकटा माणूस. त्याच्यासाठी आणलेलं हे पात्र फार काळ टिकावं असा मूळ बेत नव्हता. लाल अनोरॅक (टोपीचं जाकीट) घातलेली ही बुजरी बाई आपण ट्रान्स असल्याचं, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झाल्याचं सांगते, रॉय आधी गोंधळतो, ती दूर जाते आणि मग तिला शोधत तो थेट ॲमस्टरडॅम गाठतो. ब्रिटिश सोपमधलं हे पहिलं कायमस्वरूपी ट्रान्स पात्र ठरलं. भूमिका ट्रान्स नसलेल्या अभिनेत्रीला दिली, यावर त्या वेळी आक्षेप घेतला गेला, आणि तो रास्त होता. तीच अभिनेत्री पुढे ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका गटाची पाठीराखी झाली, हेही नोंदवायला हवं.

आता लग्नाकडे. १९७०च्या एका न्यायालयीन निकालाने ठरवून टाकलं होतं की विवाहापुरतं माणसाचं लिंग जन्माच्या वेळचंच धरायचं. जन्मदाखला बदलण्याची सोय नव्हती. म्हणजे १९९९मध्ये हेली कायद्याच्या लेखी पुरुष होती, आणि दोन पुरुषांचा विवाह होऊ शकत नव्हता. म्हणून मालिकेने मार्ग काढला तो 'ब्लेसिंग'चा : नोंदणी नाही, सही नाही, फक्त चर्चचा आशीर्वाद. तोही धड होऊ दिला नाही. गल्लीतल्याच एका शेजाऱ्याने वर्तमानपत्रांना खबर दिली, चर्चपाशी पत्रकार जमले, आणि अखेर विधी पार पडला तो रॉयच्या कॅफेत. जिथे रोज चहा आणि तळलेला नाश्ता मिळायचा, तिथे. आडनाव हेलीने वेगळा दस्तऐवज करून बदलून घेतलं आणि ती क्रॉपर झाली.

याला लग्न म्हणायचं का? ज्यांना कायदा प्रमाण, ते 'नाही' म्हणतात आणि १९९९च्या प्रसंगाला नुसता समारंभ ठरवतात. मराठीत विचार केला तर मला हे पटत नाही. आपल्याकडे लग्न 'लागतं' ते अक्षता पडतात तेव्हा. नोंदणी कचेरीची पायरी कित्येक जोडपी नंतर कधीतरी चढतात, त्याआधी त्यांना अविवाहित कुणी म्हणत नाही. चार माणसांदेखत झालं, त्यांनी मानलं, एवढं पुरेसं असतं. त्या मापाने रॉय-हेलीचं लग्न कॅफेतच लागलं. त्या दिवसापासून गल्लीने त्यांना नवरा-बायको म्हणूनच वागवलं; कायदा मागे राहिला होता.

जुलै २००२मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अशाच एका ट्रान्स व्यक्तीच्या प्रकरणात ब्रिटनला दोषी धरलं. त्यानंतर आला २००४चा लिंगओळख कायदा, एप्रिल २००५पासून लागू. निदानाचा वैद्यकीय दाखला आणि दोन वर्षं त्या ओळखीने जगल्याचा पुरावा दिला की बदललेल्या लिंगओळखीचं प्रमाणपत्र मिळतं. शस्त्रक्रियेची अट नाही. रीतसर विवाहित व्यक्तीला मात्र पूर्ण प्रमाणपत्रासाठी आधी तो विवाह संपवावा लागे. हेलीला ही अडचण आलीच नसती, कारण सरकारदरबारी तिचा विवाह झालेलाच नव्हता. तरीही पडद्यावरचा कायदेशीर विवाह २०१०मध्ये झाला, वाट मोकळी झाल्यावर तब्बल पाच वर्षांनी. इतका उशीर मला खटकतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. या गल्लीत दोन पुरुषांचं पहिलं चुंबन दिसलं ते २००३मध्ये, म्हणजे रॉय-हेलीच्या समारंभानंतर चार वर्षांनी. प्रतिस्पर्धी मालिका 'ईस्टएंडर्स'ने ते १९८९मध्येच दाखवलं होतं. रॉय-हेलीला घरोघरी स्वीकारलं गेलं, त्यात त्यांच्या संसाराच्या सोज्वळपणाचा मोठा वाटा होता : चहा, बुद्धिबळासारखी शांतता, एकमेकांची काळजी. शरीराची ओढ मालिकेने जवळजवळ बाहेरच ठेवली.

जानेवारी २०१४मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या हेलीने रॉयच्या शेजारी पडून स्वतःचं आयुष्य संपवलं. वाद झाला तो इच्छामरणावर. पण तिने दिलेलं एक कारण वेगळं होतं : औषधांच्या गुंगीत आपण पुन्हा हॅरॉल्ड होऊ, जन्माच्या वेळच्या नावाने जगू लागू, अशी तिला धास्ती होती. तोवर प्रत्येक कागदावर ती हेली क्रॉपर होती.