हाजी अली दर्गा प्रवेश लढा

हाजी अली दर्गा प्रवेश लढा : मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात पीर हाजी अली शाह बुखारी यांच्या मजारीपर्यंत (कबरीपर्यंत) जाण्याचा स्त्रियांचा हक्क परत मिळवण्यासाठी भारतीय मुस्लीम महिला आंदोलन या संघटनेने २०१२ ते २०१६ या काळात दिलेला सनदशीर लढा. तो श्रद्धाळू स्त्रियांनी, श्रद्धेपोटी आणि संविधानाच्या आधारे लढला. धर्म सोडून हक्क मागणे किंवा हक्क सोडून धर्म पाळणे, असे दोनच मार्ग मुस्लीम स्त्रीपुढे आहेत हे गृहीतक या स्त्रियांनी मुळातच नाकारले. या लढ्याचे खरे महत्त्व त्यात आहे.

हा दर्गा वरळीच्या किनाऱ्यालगत समुद्रातील खडकावर उभा असून परंपरेने तो पंधराव्या शतकातील मानला जातो. किनाऱ्यावरून तिथे नेणारी चिंचोळी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते आणि ओहोटी लागेपर्यंत भाविकांना थांबावे लागते. मुसलमानांबरोबरच हिंदू, ख्रिस्ती, पारशी असे सर्व धर्मांचे लोक येथे येतात. गुरुवारी व शुक्रवारी विशेष गर्दी असते. मूल व्हावे, आजार बरा व्हावा, घरातले भांडण मिटावे म्हणून मन्नत मागायला येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. मजारीवर चादर आणि फुले वाहून, जवळ उभे राहून दुआ मागणे हा त्यांच्या जियारतीचा (दर्गादर्शनाचा) गाभा आहे, आणि नेमके तेच २०११-१२च्या सुमारास दर्ग्याच्या विश्वस्त मंडळाने बंद केले. लहानपणापासून आत जात आलेल्या स्त्रियांना आता मजारीच्या दालनाबाहेर पोलादी अडथळा दिसू लागला.

बंदीसाठी विश्वस्तांनी दिलेली कारणे वेळोवेळी बदलत गेली. मोठ्या गळ्याची वस्त्रे घातलेल्या स्त्रिया मजारीवर वाकतात तेव्हा अंगप्रदर्शन होते, हे एक कारण झाले. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी त्यांना वेगळे ठेवणे आवश्यक आहे, हे दुसरे. पूर्वी शरियतच्या तरतुदींची आपल्याला जाणीव नव्हती आणि पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीने जाणे हे मोठे पाप आहे, हे तिसरे. पहिल्या दोन कारणांत दोष पाहणाऱ्याचा किंवा त्रास देणाऱ्याचा, आणि शिक्षा मात्र स्त्रीला, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तिसऱ्या कारणाने विश्वस्तांची बाजू बळकट होण्याऐवजी दुबळीच झाली, कारण आधी प्रवेश होता याची कबुली त्यातच होती.

भारतीय मुस्लीम महिला आंदोलनाची स्थापना जानेवारी २००७ मध्ये झाली. झकिया सोमण आणि नूरजहाँ साफिया नियाझ या तिच्या संस्थापक. संघटनेचा पाया वस्त्यांमधील कष्टकरी स्त्रियांत आहे. तलाक, पोटगी, मेहर, रेशनकार्ड, मुलींचे शिक्षण अशा रोजच्या प्रश्नांतून ती वाढली. तिच्या मांडणीत कुराणातील समतेची शिकवण आणि भारतीय संविधान हे दोन्ही आधार शेजारीशेजारी येतात. महाराष्ट्रात मुस्लीम स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न याआधीही रस्त्यावर आला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला होता आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची भूमिका बुद्धिवादी होती. आंदोलनातील स्त्रिया मात्र नमाज-रोजा पाळणाऱ्या, आणि ‘आमचा धर्म आम्हांलाही वाचता येतो’ या भूमिकेतून बोलणाऱ्या. दोन्ही वाटांचे मोल मान्य करूनही एक फरक नोंदवायला हवा. दर्ग्याच्या प्रकरणात ‘तुम्हांला श्रद्धेचे काय पडले आहे’ असे या स्त्रियांना कोणी विचारू शकत नव्हते.

अडथळा दिसल्यावर संघटनेने प्रथम विश्वस्तांशी बोलणे केले, मग शासकीय यंत्रणा व आयोगांकडे निवेदने दिली. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा २०१४ मध्ये नूरजहाँ नियाझ आणि झकिया सोमण यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. केरळमधील शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशाचे प्रकरण त्या वेळी सर्वोच्च न्यायालयापुढे असल्याने त्याच्या निकालाची वाट पाहावी का, असाही प्रश्न मध्ये आला. राज्य सरकारची भूमिका तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये मांडली. स्त्रियांना मज्जाव करणे हा धर्माचा अत्यावश्यक भाग आहे असे विश्वस्तांनी कुराणाच्या आधारे सिद्ध केले तरच बंदी टिकू शकेल, असा तिचा आशय होता. सरकारने न्यायालयात घेतलेली ही स्पष्ट बाजू महत्त्वाची होती. तिच्यामुळे हा वाद एका खाजगी संस्थेपुरता राहिला नाही, तर नागरिकांच्या हक्कांबाबत राज्याने काय करावे हा प्रश्न पुढे आला.

न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल दिला. ही बंदी संविधानाच्या अनुच्छेद १४ (कायद्यापुढील समानता), १५ (भेदभावास मनाई) आणि २५ (धर्मस्वातंत्र्य) यांचा भंग करणारी असल्याचे ठरवून ती रद्द करण्यात आली. विश्वस्तांची मुख्य भिस्त अनुच्छेद २६ वर होती : धर्मविषयक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क धार्मिक संप्रदायाला असल्याने आत कोणाला सोडायचे हे आपणच ठरवू, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळताना दोन पायऱ्यांनी विचार केला. स्त्रियांना मजारीजवळ जाऊ न देणे हा इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे, हे विश्वस्तांनी दाखवलेल्या आधारांवरून सिद्ध होत नव्हते. जी प्रथा कालपरवापर्यंत नव्हतीच ती धर्माचा गाभा कशी असेल, हा साधा प्रश्न त्यामागे होता. दुसरे म्हणजे, दर्गा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास असून तिथे सर्वांना मुक्तद्वार आहे. प्रार्थनास्थळाला असे सार्वजनिक स्वरूप आले की अनुच्छेद १४, १५ आणि २५ तिथे पूर्णपणे लागू होतात आणि कारभाराच्या नावाखाली भेदभाव करता येत नाही.

त्यापुढचा भाग तितकाच मोलाचा आहे. नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे रक्षण करणे ही राज्याची जबाबदारी आहे, असे सांगून न्यायालयाने दर्ग्यात येणाऱ्या स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी परिणामकारक उपाय योजण्याचे बंधन राज्य सरकार आणि विश्वस्त या दोघांवर घातले. छेडछाडीचा धोका असेल तर वेगळ्या रांगा लावा, बंदोबस्त ठेवा. स्त्रियांचा प्रवेश रोखणे हा त्यावरचा उपाय नव्हे, असा या भागाचा रोख आहे. सुरक्षिततेचे कारण पुढे करून स्त्रीलाच घरी बसवण्याची सवय आपल्या समाजात सर्वच धर्मांत खोलवर आहे. तिला न्यायालयीन भाषेत इतके सरळ उत्तर क्वचितच मिळते.

अपिलासाठी निकालाला सहा आठवड्यांची स्थगिती देण्यात आली. विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु २४ ऑक्टोबर २०१६ रोजी, पुरुषांना जिथपर्यंत जाता येते तिथपर्यंत स्त्रियांनाही जाऊ देऊ, अशी हमी त्यांनी स्वतःच सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे दिली आणि आवश्यक त्या व्यवस्थेसाठी चार आठवड्यांची मुदत घेतली. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी आंदोलनाच्या कार्यकर्त्या चादर आणि फुले घेऊन दर्ग्यात गेल्या. त्या दिवशी कोणताही संघर्ष झाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘हाजी अली सब के लिए’ या मंचाने दर्ग्याजवळ निदर्शने केली होती आणि भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांनी प्रवेशाचा प्रयत्न केला होता. प्रसारमाध्यमांचे लक्ष त्या घटनांकडे अधिक गेले. लढ्याचा कणा मात्र चार वर्षांची निवेदने, बैठका आणि न्यायालयातल्या तारखा हाच होता.

या प्रकरणाला शनिशिंगणापूरचे प्रकरण समांतर आहे. तेथील चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. त्याविरुद्ध विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांनी केलेल्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, प्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क असून त्याचे रक्षण करणे सरकारचे कर्तव्य असल्याचे सांगितले. पुढे ८ एप्रिल रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. त्याआधी, संविधान अस्तित्वात येण्यापूर्वी, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले होते. विठ्ठलावर प्रेम असणाऱ्या माणसाने विठ्ठलाच्या दारासाठी केलेले ते उपोषण आणि मजारीवर श्रद्धा असलेल्या स्त्रियांनी मजारीसाठी लढवलेली ही याचिका, यांची जातकुळी एकच आहे.

हाजी अलीनंतर आंदोलनाचे लक्ष मुख्यतः तोंडी तिहेरी तलाककडे वळले. संघटनेने दहा राज्यांतील ४,७१० मुस्लीम स्त्रियांच्या केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९२ टक्के स्त्रियांनी या प्रथेवर बंदी मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात ३ विरुद्ध २ अशा बहुमताने ही प्रथा रद्द ठरवली. त्या सुनावणीत संघटनाही सहभागी होती.

प्रवेशाचा व्यापक कायदेशीर प्रश्न मात्र या निकालांनी मिटला नाही. शबरीमला प्रकरणातील २८ सप्टेंबर २०१८ च्या निकालावरील फेरविचार अर्जांच्या निमित्ताने, १४ नोव्हेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दर्गे व मशिदींतील स्त्रियांच्या प्रवेशासह अशा सर्व प्रकरणांतील समान मुद्दे मोठ्या पीठाकडे सोपवले. शिंगणापूरच्या वेळी न्यायालयाला हिंदू सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाविषयीच्या १९५६ च्या राज्य कायद्याचा आधार होता आणि सरकारला त्याच्या अंमलबजावणीची आठवण करून देता आली. दर्ग्यांना तो कायदा लागू नाही. त्यामुळे हाजी अलीच्या याचिकाकर्त्यांना थेट मूलभूत हक्कांवरच विसंबावे लागले.